पाच ते सहा

१ जुलै, मंगळवार

आज बाबांनी व्हिडिओ कॉलवर माझ्याकडून मोबाइलमधले सगळे गेम पुसून घेतले. बोट माझं, नजर त्यांची. "हा काढ. आता तो लाल. आणि तो चौकोनी डबा कशाचा?" तो कॅल्क्युलेटर होता. थोडक्यात वाचला.

माझा गुन्हा असा की इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचं दुसरं गणित राहिलं. एकच विषय. त्याच आठवड्यात द्वारकाआत्याने, जिच्याकडे मी पुण्यात राहते, घरी दारव्ह्याला फोनवर सहज सांगितलं, की प्रियू इतकी दमते, इतकी दमते, की जेवतानाही मोबाइलवर मारामारी करत बसते, घास कुठे जातो तिचं तिला कळत नाही. आत्याला चुगली करायची नव्हती. तिला माझी काळजी सांगायची होती. बाबांना त्यातली फक्त मारामारी ऐकू आली.

"यापुढे एक विषय राहिला, तर सरळ दारव्हा. गेम दिसला, तरी सरळ दारव्हा." बाबा मुख्याध्यापक आहेत. त्यांच्या वाक्यावर अपील नसतं.

मी "हो बाबा" म्हणाले. दिवसभर मी कुणाला तरी हो म्हणतच असते. हो सर, हो मॅडम, हो आत्या. गेममधली माझी खेळाडू सगळ्यांत बुटकी आहे आणि ती कुणालाच हो म्हणत नाही. समोर सहा फुटी राक्षस आला तरी आधी लाथ घालते, मग विचार करते. हे मी बाबांना समजावणार कसं?

पुसले खरे. पण मी ऐकलेलं नाही. हे इथे लिहून ठेवते.

४ जुलै, शुक्रवार

वरच्या मजल्यावरचा शुभंकर माझ्याच वर्गात आहे. त्याचे तीन विषय राहिलेत. संध्याकाळी त्याची आई पेढे घेऊन आली, कारण शुभंकरला यंदा ढोलपथकात पुढच्या रांगेत घेतलं. आता गणपतीपर्यंत रोज नदीकाठी सराव, रोज तीन-चार तास.

आत्या म्हणाली, "गुणी आहे हो पोरगा."

मी पेढा खाल्ला आणि मला इतका राग आला की मी म्हणाले, "मीही पथकात नाव घालतेय. मुलींची बॅच लवकरची असते. कॉलेज सुटलं की पाच ते सहा."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. "एकच तास?"

"नवीन मुलींना एकच."

तिने लगेच बाबांना फोन लावला. बाबा एवढे खूश झाले, एवढे खूश झाले, की मला दहावीचा निकाल आठवला. "शाब्बास! पुण्यात राहून हे नाही केलं तर काय केलं?" कोणतं पथक, कुठे सराव, काहीही विचारलं नाही. अभ्यासाचं काय, हेही नाही!

तीन विषय राहिलेल्याला पेढे, एक राहिलेलीला फाशी. फरक काय, तर त्याचा वेळ वाजतो आणि माझा वाजत नाही.

९ जुलै, बुधवार

जागा मिळाली. मिसबा प्रॅक्टिकलला माझी पार्टनर आहे. कसबा पेठेत राहते. तिच्या अब्बांचं, मेहबूबचाचांचं, बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीचं दुकान आहे. खाली काउंटर, मागे लाकडी जिना, वर पोटमाळा. पोटमाळ्यावर एक जुना टीव्ही आणि दुरुस्तीला आलेली गेमची मशीनं.

चाचांचा नियम आहे, दुरुस्त झालेलं मशीन तासभर चालवून तापवल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं नाही. थंड मशीन सगळंच नीट चालतं म्हणे, खोट तापल्यावर कळते. ते तापवण्याचं काम मिसबाचं. एकटीने खेळून दुसऱ्या कंट्रोलरची बटणं तपासता येत नाहीत, म्हणून आता मी.

चाचांनी मला बघून एवढंच विचारलं, "घरी माहीत आहे?"

"हो," मी म्हणाले.

वर गेल्यावर मिसबा म्हणाली, "काय माहीत आहे घरी?"

मी सांगितलं. ती टीव्हीला टेकून हसत सुटली. "प्रियू, खोटं बोललीस ते बोललीस, वर गणपतीच्या नावावर? दगडूशेठ इथून दोन गल्ल्यांवर आहे. त्याला दिसतंय हां सगळं."

"दिसू दे. त्याने कुठे गेम पुसायला सांगितलेत?"

१७ जुलै, गुरुवार

सगळे म्हणतात वेळ नाही, वेळ नाही. मला कळलंय की वेळ मिळत नसतो, कापून काढावा लागतो. मी कँटीन सोडलं. रील बघणं सोडलं. बिबवेवाडीच्या बसमध्ये बसायला जागा मिळाली की प्रॅक्टिकलची फाइल लिहिते. मार्केट यार्डापाशी खड्डे आहेत, तिथे माझ्या आकृत्यांच्या रेषा उडी मारतात. मॅडम म्हणाल्या, "हा ग्राफ इथे का उसळला?" मी म्हणाले, "मॅडम, रीडिंग तसं आलं."

रात्री जेवण झालं की गणित. राहिलेलं आणि नवीन, दोन्ही. पुस्तक मिटून झोपेपर्यंत मी सगळ्यांची असते. पाच ते सहा मात्र माझी.

मिसबाचं खेळणं थंड डोक्याचं आहे. ती माझ्या हल्ल्याची वाट बघते आणि मी चुकले की एकाच फटक्यात लोळवते. "तू रागाने खेळतेस," म्हणाली. "बटणाचा काय दोष?"

२६ जुलै, शनिवार

आत्याने आज माझे दोन्ही हात हातात घेतले. टपाल खात्यात तीस वर्षं काढल्यामुळे तिला कुठलीही वस्तू उलटसुलट करून बघायची सवय आहे.

"शुभंकरच्या तळव्याला फोड आलेत. आई त्याला लोणी लावते. तुझे तळवे तर साईसारखे आहेत."

"मी काळजी घेते ना."

"हो का." मग माझा उजवा अंगठा दाबून पाहिला. तिथे खरंच घट्टा पडलाय, कंट्रोलरचा. "ढोल अंगठ्याने वाजवतात वाटतं हल्ली?"

"टिपरू धरताना अंगठा लागतो, आत्या."

"बरी वाजवतेस हो. हातांना कळूसुद्धा देत नाहीस."

आणि अंगठ्याला खोबरेल लावून दिलं. वाचले! आत्या साधी आहे म्हणून बरं.

३ ऑगस्ट, रविवार

रविवारी दुकान बंद, त्यामुळे माझा तासही बंद. पाच वाजता हात नुसतेच मांडीवर ठेवून बसले. आत्याने मटार सोलायला दिले. सोलताना एक दाणा घरंगळत ओट्याच्या दुसऱ्या टोकाला गेला. आत्याने तिथूनच बोटाने टिचकी मारली आणि तो थेट पातेल्यात. मी बघतच राहिले.

"काय बघतेस? सोल."

१२ ऑगस्ट, मंगळवार

आज फार हरले. एकही फेरी जिंकले नाही. बसमध्ये रडू आलं. बाजूच्या काकूंनी विचारलं, "कुणी गेलं का ग?" काय सांगणार, बुटकी गेली म्हणून?

चाचणीचे गुण लागले. जेमतेम मधले. गेममुळे गुण वाढले असते तर किती छान झालं असतं, बाबांपुढे कागद ठेवला असता. वाढले नाहीत. कमीही झाले नाहीत. सगळे जिथे होते तिथेच आहेत.

मिसबाला म्हणाले, "तुझं बरं आहे. तुला कारण आहे. तू मशीन तापवतेस."

ती म्हणाली, "पागल आहेस का? मशीन नुसतं लावून ठेवलं तरी तापतं. अब्बांना काय माहीत नाही? मला आवडतं हे त्यांना माहीत आहे, म्हणून काम माझ्याकडे दिलं."

"मग माझ्याकडे काय कारण आहे?"

"तुला कारण कशाला पाहिजे?"

खरं सांगायचं तर मला पाहिजे आहे. एखादी स्पर्धा असती, बक्षीस असतं, पुढे त्यात नोकरी मिळणार असती, तर ताठ मानेने सांगितलं असतं. माझं तर नुसतंच आवडणं आहे. ते कुणापुढे ठेवायचं म्हटलं की इतकंसं दिसतं.

घराची किल्ली विसरले होते म्हणून येताना आत्याच्या भजनी मंडळात गेले. ते मंगळवारी आणि शुक्रवारी सोसायटीच्या हॉलमध्ये भरतं. जिन्यात उभी होते तर आतून टाळ नाहीत, पेटी नाही. नुसती टकटक, आणि मग एकदम सगळ्या बायकांचा आरडाओरडा. दार वाजवल्यावर शांतता. आत्या बाहेर आली, चेहरा लाल, बोटांना पांढरी पावडर. बहुधा रांगोळी काढत होत्या. किल्ली देऊन म्हणाली, "जा तू, आमचं रंगात आलंय."

या वयात देवाधर्मात एवढी रमते. हेवा वाटला.

२० ऑगस्ट, बुधवार

संकट. बाबा येतायत. अनंत चतुर्दशीला. आईचे गुडघे दुखतात म्हणून ती येणार नाही, पण बाबा येणार आणि लक्ष्मी रोडवर उभं राहून मला ढोल वाजवताना बघणार. दारव्ह्यात त्यांनी शाळेत सांगितलंय, गल्लीत सांगितलंय, किराणा दुकानदाराला सांगितलंय. "नवीन मोबाइल घेतला, व्हिडिओ चांगला निघतो म्हणून," म्हणाले.

मी म्हणाले, "बाबा, गर्दी फार असते."

"असू दे ना! तुझ्यापर्यंत आवाज नाही पोचला तरी चालेल, तुझा माझ्यापर्यंत पोचला म्हणजे झालं."

फोन ठेवला आणि आत्याकडे पाहिलं. ती शांतपणे वाती वळत होती.

"आता कसं करणार?" तिने विचारलं.

"कशाचं कसं?"

"कुर्ता शिवायला टाकला नाहीस ना अजून," ती म्हणाली.

२५ ऑगस्ट, सोमवार

शेवटी शुभंकरला सगळं सांगितलं. त्याला धक्काबिक्का काही बसला नाही. "मला वाटलंच होतं. एकदाही दमून आलेली दिसली नाहीस." मग डोकं खाजवून म्हणाला, "ध्वज धरशील? आमच्या दोन मुलींना ताप आलाय. ढोल नाही देणार पथकाचा दादा, पण ध्वज देईल. पुढे चालायचं आणि नाचवायचा. तुझ्या बाबांना काय, पांढरा कुर्ता नि फेटा दिसला की झालं."

म्हणजे सुटका! बाबा बघतील, व्हिडिओ काढतील, दारव्ह्यात दाखवतील. पुढच्या वर्षीही पथक, त्याच्या पुढच्या वर्षीही पथक. माझा तास डिग्री मिळेपर्यंत पक्का.

मिसबाला सांगितलं. ती स्क्रू पिळत होती. मान वर न करता म्हणाली, "मुबारक हो. आता खोट्याला गणवेश पण मिळाला."

"तुला सोपं आहे बोलायला."

"हो, आहे. म्हणूनच बोलते."

मग आम्ही खेळलो. मी जिंकले. मजा आली नाही.

५ सप्टेंबर, शुक्रवार

बाबा आले. पिशवीत आईने दिलेले लाडू, ज्वारीचं पीठ आणि माझ्यासाठी बोटांना गुंडाळायच्या चिकटपट्ट्यांचं खोकं. "टीव्हीवर पाहिलं, पोरींच्या बोटांतून रक्त येतं. रोज लावत जा."

ते खोकं घेताना माझे हात कुठे ठेवू कळेना. कुर्त्याच्या खिशात घातले.

बाबांचा चेहरा असा होता, की चोवीस तास ध्वज धरायला लावला असता तरी मी धरला असता.

७ सप्टेंबर, रविवार

कालचं आज लिहितेय. बाबा आतल्या खोलीत पडलेत, झोपलेले नाहीत. आत्या स्वयंपाकघरात आहे.

काल सकाळी मी कुर्ता घातला. फेटा शुभंकरच्या आईने बांधून दिला. मंडईजवळच्या गल्लीत पथक थांबलं होतं. मिरवणुकीत वाजवण्यापेक्षा वाट बघणं जास्त असतं, हे मला माहीतच नव्हतं. दुपार झाली तरी आमचा नंबर नाही. मुली ढोलांना टेकून रस्त्यातच बसल्या होत्या. कुणी केळं खातेय, कुणी दुसरीच्या मांडीवर झोपलीय. माझ्या शेजारी उल्का नावाची मुलगी, चारही बोटांना पट्ट्या, त्यातली एक लाल झालेली.

"तू कुठल्या बॅचची ग? दिसली नाहीस."

"मी आजच आलेय. ध्वजाला."

मला वाटलं, आता चिडेल. ती म्हणाली, "मनगट सैल ठेव. वारा आला की काठी ओढ घेते. पहिल्या वर्षी मी एका काकांच्या डोक्यात घातली होती."

"दुखत नाही?" मी तिच्या बोटांकडे बघून विचारलं.

"दुखतं की."

"मग कशासाठी वाजवतेस?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं जसं मी विचारलं की पाणी कशासाठी पितेस. "म्हणजे काय? आवडतं."

एवढंच. बक्षीस नाही, नोकरी नाही, गुण तर नाहीतच. माझ्यासारखंच. फक्त ती ते उन्हात बसून, बोटं फोडून घेऊन, सगळ्या गावासमोर म्हणत होती, आणि मी तिच्या रांगेत चोरून उभी होते. मी विचार केला, आमच्या पोटमाळ्यावर कुणी असंच आलं, बापाला दाखवायला बंद कंट्रोलर हातात घेऊन बसलं, तर मी काय म्हणेन? म्हणेन, बाई ग, ठेव तो खाली. हे माझं खरं आहे, तुझी सोय नाही.

शिट्टी झाली. मुली उठल्या, ढोल कमरेला बांधले. मी जाऊन ध्वज शुभंकरच्या हातात दिला.

"अगं, आता? वेडी आहेस का?"

"दुसरं कुणी असेल तर बघ. मला नाही जमणार."

"तुझे बाबा?"

"त्यांच्याकडेच चाललेय."

गर्दीतून पोचायला खूप वेळ लागला. आत्याची दरवर्षीची जागा ठरलेली आहे, लक्ष्मी रोडवरच्या साडीच्या दुकानाची वरची पायरी. बाबांनी मला लांबूनच पाहिलं. मोबाइल वर केला. बाजूच्या गृहस्थांना ते सांगत असणार, ती बघा, आमची! मी पायरीखाली जाऊन उभी राहिले तरी त्यांचं चित्रीकरण चालूच.

"पाया पडायला आलीस? जा, जा, तुझं पथक पुढे जाईल!"

"बाबा, मी ढोल वाजवत नाही."

"आँ?" मागून ताशा कडाडत होता.

"मी पथकात नाहीये!"

"पाणी नाही? अक्का, हिला पाणी दे!"

मग मी छाती भरून श्वास घेतला आणि ओरडले, "मी ढोल वाजवत नाही! मी गेम खेळते! रोज! पाच ते सहा!"

आणि नेमकं त्याच क्षणी रस्त्यावरच्या पथकाने वाजवणं थांबवलं. अख्ख्या लक्ष्मी रोडवर माझाच आवाज. पायरीवरच्या सगळ्यांनी वळून पाहिलं. बाबांच्या शेजारचे गृहस्थ म्हणाले, "मग इथे कशाला आलात? घरी बसून खेळा की, तेवढीच एकाची जागा होईल."

बाबांचा मोबाइल अजून वरच होता. हळूहळू खाली आला.

घरी आलो. दारात चपला काढल्या आणि त्यांची मुख्याध्यापकाची भाषा गळून पडली. "काऊन वं? काऊन असं केलं? मी साऱ्या गावाले सांगतलं!"

"तुम्ही गेम पुसायला लावलात म्हणून."

"मग मले सांगायचं होतं!"

"सांगितलं असतं तर तुम्ही विचारलं असतं, काय मिळतं त्यातून. काहीच मिळत नाही, बाबा. माझे गुण वाढले नाहीत, कमी झाले नाहीत. अभ्यास मी करते, गणितही काढीन. पण तो एक तास मी कशासाठीही खेळत नाही. मला आवडतं."

"आवडतं, हे काही उत्तर झालं?"

"मग आणखी कशाला म्हणतात रे उत्तर?" हे आत्या म्हणाली. ती ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. "ढोल असता तर रोजचे चार तास चालले असते तुला. वरून पेढे वाटले असतेस. पोरीचा एक तास जड झाला?"

"अक्का, तू मध्ये पडू नको. उद्या मी हिले घेऊन चाललो."

"घेऊन जायला ती पार्सल नाही. माझ्या घरी राहते, तिची जबाबदारी माझी. आणि मला जुलैपासून माहीत आहे."

बाबा तिच्याकडे वळले. "जुलैपासून? आणि बोलली नाहीस?"

"काय बोलू? तासभर जाते, हसत परत येते. रोज बायकांनी घराबाहेर पडायचं तर देवाचं नाव घ्यावं लागतं, ते तिनेही घेतलं. तिला दोष देऊ की आपल्याला?" हे म्हणताना तिचा आवाज एवढा चिरका झाला की मी दचकले. मग तिने पिठलं टाकलं आणि आम्हाला जेवायला वाढलं. ती स्वतः जेवली नाही.

जुलैपासून माहीत असणं शक्यच नाही. मला वाचवायला बिचारी खोटं बोलली. ज्या बाईने आयुष्यात कधी खोटं सांगितलं नाही तिला माझ्यामुळे सांगावं लागलं, याचं मला वाईट वाटतंय. बाकी कशाचं नाही.

८ सप्टेंबर, सोमवार

बाबा आज गेले. मला नेलं नाही. स्टँडवर चहा पिताना म्हणाले, "मी विचार केला. राहा इथंच. तुझा तास तुला. पण गावात मी सांगीन की अभ्यासामुळे तू पथक सोडलं. कुणी विचारलं तर तूही तेच सांगायचं. एवढं ऐक."

म्हणजे तास मिळाला. अगदी हातात दिला. मी "हो" म्हणायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात गाडी लागली. त्यांनी माझं उत्तर मिळालं असं धरलं.

गाडीत चढताना पिशवी माझ्या हातातून घेतली, तेव्हा त्यांची बोटं माझ्या बोटांवर थोडी जास्त वेळ राहिली. मग खिडकीतून त्यांनी हात केला नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार

दिवसभर वर्गात बसून विचार केला. मिसबा म्हणाली, "घेऊन टाक की. तास मिळाला ना? एका वाक्याचं तर खोटं आहे."

"तूच म्हणाली होतीस, गणवेश."

"तेव्हा तू तो घातला नव्हतास. आता काढलास, तर परत घालणार?"

तिला नक्की काय म्हणायचंय हे तिलाही ठाऊक नसतं कधीकधी.

बसमधून उतरण्याआधी मी घरच्यांच्या ग्रुपवर लिहिलं. 'आपली माणसं' नावाचा ग्रुप, काका, मावश्या, चुलत, मावस, सगळे मिळून त्रेचाळीस जण. लिहिलं ते असं:

"सर्वांना नमस्कार. मी ढोलपथकात नाही आणि कधीच नव्हते. बाबांना मीच खोटं सांगितलं होतं, त्यांची चूक नाही. मी रोज संध्याकाळी पाच ते सहा व्हिडिओ गेम खेळते. मैत्रिणीच्या वडिलांच्या दुकानात. तब्येत आणि अभ्यास ठीक आहे. या वेळेत मी फोन उचलणार नाही, राग मानू नये. प्रियदर्शनी."

पाठवल्यावर वाटलं, 'राग मानू नये' काढायला हवं होतं. मानायचा त्याने मानावा.

सगळ्यांनी वाचलं. कुणी काही लिहिलं नाही. मग मोठ्या काकांनी सूर्योदयाचं चित्र टाकलं. बाबांनी काहीच नाही.

आत्या भजनाला निघाली होती. दारात थांबून तिने मोबाइल वाचला. चष्मा लावून, परत काढून, परत लावून. मग माझ्याकडे अशी बघत राहिली की मला वाटलं, आता रागावणार.

"एवढं सगळं लिहायची काय गरज होती?" म्हणाली, पण आवाज रागाचा नव्हता. जिना उतरताना कठड्याला धरून सावकाश उतरली. तिचेही गुडघे दुखायला लागले बहुतेक.

१० सप्टेंबर, बुधवार

बाबांचा फोन शाळेतून घरी आले की येतो, साडेपाचच्या सुमारास. इतक्या दिवसांत तो कधी चुकलेला नाही. आजवर मी खेळ थांबवून जिन्यात जाऊन घ्यायचे, सरावाची मधली सुट्टी झालीय असं सांगून. आज ठरवून टाकलं की वाजला तरी घ्यायचा नाही. मोबाइल टीव्हीवर ठेवला, दिसेल असा. चाचा वर आले, म्हणाले, "या मशीनला एक दिवस जास्त चालवा, पंखा आवाज करतो," आणि खाली गेले.

साडेपाच झाले. पावणेसहा झाले. फोन आला नाही.

मिसबा म्हणाली, "नाही आला तर नाही आला. डाव बघ." मी बघत होते. बुटकीने आज दोनदा तिच्या सहा फुटीला आपटलं. दुसऱ्यांदा मिसबानेही टाळी दिली. पण माझं अर्धं लक्ष त्या काळ्या काचेकडे. एवढे रागावलेत की फोनही नाही. म्हटलं, ठीक आहे. आपण लिहिलं ते लिहिलं.

सहा वाजले. मशीन बंद केलं, वायरी गुंडाळल्या, सॅक पाठीला लावली. जिना उतरून गल्लीत आले तेवढ्यात फोन वाजला. बाबा.

"आता मोकळी आहेस का?" एवढंच विचारलं.

"हो."

"बरं. आईला बोलायचंय." आणि तिच्याकडे दिला. आईने लाडू संपले का विचारलं, आत्याची तब्येत विचारली. मागून बाबांचा आवाज येत होता, 'तिला विचार, जेवायला काय आहे.' स्वतः परत बोलले नाहीत.

'आता मोकळी आहेस का', म्हणजे टोमणाच झाला. मुख्याध्यापकांचे टोमणे असेच असतात, सरळ शब्दांचे. मारू देत. महिनाभर मारू देत. मी उद्याही पाच ते सहा तिथेच असणार, आणि परवाही, आणि कुणी विचारलं तर आधी तेच सांगणार.